जमा झालेले पैसे परत का जातात?

हातातलं काम चालू राहू द्या, पण कान इकडे द्या. आजचा विषय पैशाचा आहे, आणि तोही आपल्या खात्यात एकदा जमा झालेल्या पैशाचा. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं, कार्डाने पैसे दिले, आपल्या खात्यात आले. मग दोन महिन्यांनी तेच पैसे कापून गेले, असं होतं का? होतं. आमच्या गटात झालं, म्हणून तर आज बोलायला बसले आहे.

आधी काय घडलं ते सांगते.

कशेडी घाटाच्या पोलादपूरकडच्या अंगाला आमच्या गटाचा स्टॉल असायचा. कोकम सरबत, आमसुलं, नाचणीचे पापड, पोह्याचे मिरगुंड, कुळथाचं पीठ, असा आपला नेहमीचा माल. गणपतीला मुंबईहून चाकरमानी यायला लागले की गाड्यांची रांग लागायची. घाट चढण्याआधी माणसं थांबायची, पाय मोकळे करायची, चार पाकिटं घ्यायची. जो तो विचारायचा, "ताई, कार्ड चालतं का?" म्हणून आम्ही कार्डाचं मशीन घेतलं. ते ग्रामसंघाच्या नावावर मिळालं. अर्ज गावातल्या एका शिकलेल्या मुलाने भरून दिला. आमच्यात कुणाचा ई-मेल नव्हता, त्याने स्वतःचाच टाकला.

विक्री छान झाली. हिशेब झाला, ज्याचे त्याला पैसे वाटले. पुढे दिवाळीतही स्टॉल लावला. दिवाळीनंतरच्या बैठकीत पासबुक उघडलं, तर ३,८५० रुपये कमी. त्याच महिन्यात खात्यात शिल्लक पुरली नाही म्हणून बँकेच्या कर्जाचा हप्ता परतला. ज्या गटाचा एकही हप्ता कधी चुकला नव्हता, त्याच्या नावापुढे डाग लागला.

मशीनवर आमच्या एक वहिनी बसायच्या. बैठकीत कुणी काही बोललं नाही. पण सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या, आणि खोटं कशाला सांगू, माझीही गेली. पुढच्या दोन बैठकांना वहिनी आल्या नाहीत. गल्ल्याची किल्ली त्यांनी मुलीबरोबर पाठवून दिली.

मी पासबुक घेऊन पोलादपूरला बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी नोंदी पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, हे पैसे कुणी काढलेलेच नाहीत. मशीनवाल्या कंपनीकडूनच एक दिवस जमा कमी आली आहे." मग त्या मुलाला मुंबईला फोन लावला. तो नोकरीला गेला होता. त्याने ई-मेल उघडून पाहिला. कंपनीची तीन पत्रं येऊन पडली होती. पहिल्यात लिहिलं होतं: अमुक तारखेच्या व्यवहाराबद्दल चार्जबॅक आला आहे, सात दिवसांत पुरावा पाठवा. दुसरं आठवणीचं. तिसऱ्यात लिहिलं होतं की, उत्तर न आल्यामुळे रक्कम वळती केली आहे.

पुढच्या बैठकीला मी स्वतः जाऊन वहिनींना घेऊन आले. ती तिन्ही पत्रं सगळ्यांसमोर वाचली आणि त्यांची माफी मागितली. किल्ली त्यांनी परत घेतली, पण एका अटीवर. "आधी हे काय असतं ते मला समजावून सांगा," म्हणाल्या. ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. तेच आज तुम्हाला सांगते.

चार्जबॅक म्हणजे काय?

कार्डाने पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली की, हा व्यवहार मला मान्य नाही, माझे पैसे परत द्या, आणि त्या तक्रारीवरून बँकेने विक्रेत्याकडून पैसे मागे घेतले, तर त्याला चार्जबॅक म्हणतात. पैसे ज्या वाटेने आले, त्याच वाटेने उलटे जातात.

ती वाट डोळ्यापुढे आणा. गिऱ्हाइकाची बँक, मग कार्डाची कंपनी म्हणजे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, मग आपल्याला मशीन देणारी बँक किंवा कंपनी, आणि शेवटी आपला गट. तक्रारीची चिठ्ठी याच क्रमाने आपल्यापर्यंत येते. आपलं उत्तर याच वाटेने वर जातं. गिऱ्हाइकाच्या बँकेला उत्तर पटलं तर पैसे आपल्याकडे येतात. पटलं नाही तर आणखी एक-दोन फेऱ्या होतात, आणि शेवटचा निवाडा कार्डाची कंपनी करते. आपण मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर मात्र आपल्याला काही म्हणायचं नाही असं धरून पैसे कापले जातात. आमचं नेमकं तेच झालं. आम्ही चुकलो म्हणून हरलो नाही, गप्प राहिलो म्हणून हरलो.

तुम्ही म्हणाल, हा कसला नियम? माल आपण द्यायचा आणि पैसे त्यांनी परत घ्यायचे? पण जरा गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून बघा. कार्ड चोरीला गेलं, कुणी फसवलं, पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर माणसाने कुणाकडे बघायचं? अमेरिकेत १९७४ साली कायदा झाला आणि क्रेडिट कार्डाच्या बिलात चूक असेल तर ती लेखी कळवून अडवून धरायचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर नुकसान गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. हा हक्क तुमचा-माझाही आहे. उद्या आपल्या खात्यातून पैसे गेले तर आपणही तोच वापरणार. म्हणून चार्जबॅक आला की गिऱ्हाइकाला लबाड म्हणायची घाई करू नका. आधी कारण वाचा.

कारणं कोणती असतात?

पत्रात कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते या पाचांपैकी एक निघतं.

पहिलं, "हा व्यवहार मी केलाच नाही." आमच्या ३,८५० रुपयांचं कारण हेच होतं. गिऱ्हाईक खोटं बोललं असं मला वाटत नाही. आमच्या फलकावर गटाचं नाव होतं आणि मशीन ग्रामसंघाच्या नावावर. त्या माणसाच्या कार्डाच्या हिशेबात ग्रामसंघाचं नाव आलं. दीड-दोन महिन्यांनी ते कुणाला ओळखू येणार? शिवाय त्याने कार्ड नुसतं मशीनला टेकवलं होतं. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होऊ शकतो. पिन टाकल्याची आठवण नाही, नाव ओळखीचं नाही, मग त्याने बँकेला फोन केला.

दुसरं, "पैसे दोनदा गेले." हे आपल्या घाटातलं खास दुखणं. रेंज येते-जाते. मशीन फिरत राहतं, पावती निघत नाही. मागे गाड्या उभ्या, गिऱ्हाईक घाईत, आपण म्हणतो, "पुन्हा लावा कार्ड." पहिला व्यवहारही झालेला असतो आणि दुसराही. इथे रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम उपयोगी पडतो. दुकानात कार्डाचे पैसे कापले गेले पण दुकानदाराला तसं कळलंच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानात यूपीआयने पैसे देताना असं झालं तरी मुदत पाच दिवसांचीच. पण दोन्ही व्यवहार खरोखर पूर्ण झाले असतील, तर ते आपोआप परतणार नाहीत. जादाचे पैसे आपल्यालाच परत करावे लागतात.

तिसरं, "माल मिळाला नाही." चौथं, "माल सांगितला तसा नव्हता, किंवा फुटका-खराब निघाला." ही दोन पार्सलने माल पाठवणाऱ्यांच्या वाट्याला येतात. पाचवं, "परतावा देतो म्हणाले होते, दिला नाही."

प्रत्येक कारणाला वेगळा पुरावा लागतो. व्यवहार केलाच नाही म्हणणाऱ्याला मशीनची पावती आणि आपलं बिल. पिन टाकलेला असेल तर पावतीवर तसं छापून येतं, ती पावती सोन्यासारखी जपा. पैसे दोनदा गेले म्हणणाऱ्याला त्या दिवसाचा पूर्ण हिशेब, म्हणजे दोन वेगळी बिलं होती की एकच ते कळतं. माल मिळाला नाही म्हणणाऱ्याला पार्सलची पावती आणि पोचल्याची नोंद. माल खराब म्हणणाऱ्याला बांधताना काढलेला फोटो, वजन, पाकिटावरची तारीख. परतावा नाही म्हणणाऱ्याला परताव्याचा संदर्भ क्रमांक. भांडणाची चार पानं लिहून उपयोग नाही. जे कारण दिलंय, तेवढ्यालाच लागू पडणारे दोन-तीन स्वच्छ कागद पाठवायचे.

दुसऱ्यांदा काय झालं?

२०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून हलक्या गाड्या सोडल्या. प्रवास सोपा झाला, घाटातला धोका टळला, ते चांगलंच झालं. पण आमच्या स्टॉलवरची गर्दी आटली. मग आम्ही जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर काढले आणि पार्सलने माल पाठवायला लागलो. पैसे घ्यायला फोनवर लिंक पाठवायची. गिऱ्हाईक दिसत नाही, माल हातात देत नाही, म्हणजे धोका वाढला. तोवर आम्ही शहाण्या झालो होतो.

ठाण्याच्या एका ताईंना २,६४० रुपयांचा माल स्पीड पोस्टाने पाठवला होता. महिन्याभराने चार्जबॅकचं पत्र आलं, "माल मिळाला नाही." या वेळी ई-मेल गटाचा होता आणि वहिनी रोज संध्याकाळी तो पाहायच्या. त्यांनीच मला फोन केला. पोस्टाची पावती वहीला टाचलेली होती. पार्सल पोचल्याची नोंद आम्ही त्याच आठवड्यात पोस्टाच्या साइटवरून घेऊन ठेवली होती. ताईंनी स्वतः पत्ता पाठवला होता, तो संदेशही फोनमध्ये होता. तिसऱ्या दिवशी तिन्ही कागद पाठवले. दीड महिन्याने पैसे परत जमा झाले. मधे आम्ही ताईंनाही फोन केला होता. पार्सल त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत पडून होतं! त्या बिचाऱ्या ओशाळल्या. आता दर मे महिन्यात मागणी पाठवतात.

एकदा चूक आमचीच होती. पापडांची खाली ठेवलेली पाकिटं चुरा होऊन पोचली. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. आम्ही वाद घातला नाही, त्याच दिवशी पैसे परत केले. बँकेपर्यंत तक्रार जाण्याआधी परतावा दिला तर रक्कम तेवढीच जाते. चार्जबॅक झाला तर काही कंपन्या वर शुल्कही लावतात.

आणि परतावा देताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत करायचे. कार्डाने आले असतील तर मशीनवरून किंवा कंपनीच्या ॲपमधून त्याच व्यवहारावर परतावा टाकायचा. रोख देऊ नका, दुसऱ्या नंबरवर पाठवू नका. रोख दिले आणि चार्जबॅकही आला, तर एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. "चुकून जास्त आलेत, या दुसऱ्या नंबरवर परत टाका" असा फोन आला, तर तो बहुतेक फसवणुकीचाच असतो.

आमच्या गटाने ठरवलेले नियम

आता आम्ही काय करतो ते सांगते. तुमच्या गटाला जमेल तेवढं घ्या.

नाव एकच ठेवलं. फलकावर, पाकिटावर, बिलावर आणि मशीनच्या पावतीवर. जिथे मशीनचं नाव बदलता येत नाही, तिथे बिलावर ठळक लिहितो, "तुमच्या हिशेबात ग्रामसंघाचं नाव येईल." खाली आमचा फोन नंबर. गिऱ्हाइकाला शंका आली तर फोन आधी आपल्याला यावा, बँकेला नंतर.

ई-मेल आणि मोबाइल नंबर गटाचा केला. दोन जणींना तो उघडता येतो. कुणा मुलाच्या, पुतण्याच्या, भाच्याच्या नावावर काही ठेवायचं नाही. मुलं नोकरीला जातात, लग्न होऊन मुली सासरी जातात, आणि गटाची पत्रं त्यांच्या फोनमध्ये राहतात.

प्रत्येक विक्रीला बिल, मग ते शंभर रुपयांचं का असेना. त्यावर मशीनची पावती टाचायची. मशीनच्या पावतीची शाई उडते, काही महिन्यांत कागद कोरा होतो. म्हणून त्याच दिवशी फोनवर फोटो काढायचा.

रेंज गेली तर कार्ड पुन्हा लावायचं नाही. आधी मशीनमध्ये शेवटचा व्यवहार पाहायचा, गिऱ्हाइकाला बँकेचा संदेश आला का विचारायचं. खात्री होईना तर रोख घ्यायची किंवा थांबायचं. चुकून दोनदा झालंच, तर त्या दिवसाचा हिशेब मशीनवर बंद करण्याआधी तो व्यवहार रद्द करता येतो. मशीन देणाऱ्या माणसाकडून हे करून दाखवून घ्या. आमच्याकडे आता पाच जणींना येतं.

यूपीआयच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या फोनवरचं चित्र पुरावा मानायचं नाही. आपल्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला किंवा आवाज देणाऱ्या डबीने सांगितलं, की मगच माल द्यायचा. शंका असेल तर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्यायचा. त्या क्रमांकावरून बँकेत नोंद सापडते.

माल कधी पाठवणार, फुटला तर काय करणार, किती दिवसांत कळवायचं, हे मागणी घेतानाच चार ओळींत लिहून पाठवतो. गिऱ्हाइकाने "ठीक आहे" म्हटलं की तो संदेश जपून ठेवतो. जेवढं बोलू तेवढंच द्यायचं. मुसळधार पावसात पापड वाळत नाहीत, वरंधा काय आणि आंबेनळी काय, घाट बंद पडतात. अशा वेळी "चार दिवसांत पोचेल" म्हणायचं नाही. दहा दिवस म्हणा आणि सहाव्या दिवशी पोचवा.

आणि शेवटचा नियम, ज्यावर बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला. कार्डाने आणि लिंकने आलेले सगळे पैसे लगेच वाटायचे नाहीत. व्हिसासारख्या कंपन्यांच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणून अशा विक्रीतल्या शंभर रुपयांमागे दहा रुपये आम्ही चार महिने खात्यात राहू देतो, मग वाटतो. काहीजणी नाराज झाल्या, घामाचे पैसे का अडवता म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. पण हप्ता परतला होता तो महिना सगळ्यांनाच आठवला, आणि ठराव झाला. त्यानंतर आमचा एकही हप्ता परतलेला नाही.

दाद कुठे मागायची?

आपण पुरावा वेळेवर पाठवला आणि तरी कुणी दाद देत नसेल, तर आधी मशीन देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी नंबर आहे १४४४८. कुणी फसवून पैसे काढले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

एक सावधगिरी. चार्जबॅकच्या नावाने खोटे फोनही येतात. "तुमच्या गटावर चार्जबॅक आलाय, थांबवायचा तर ओटीपी सांगा, पिन टाका." चार्जबॅकचं उत्तर कागदांनी द्यायचं असतं. त्याला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. फोन ठेवून द्या आणि कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः पाहा.

आता येत्या बैठकीत एवढंच करा. मशीन आणि क्यूआर कोणाच्या नावावर आहे, ई-मेल कोणाचा आहे, शेवटचं पत्र कोणी वाचलं, आणि मागच्या महिन्याची बिलं कुठे आहेत, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहा. आणि पासबुकात कधी रक्कम कमी दिसली, तर बाईकडे बघण्याआधी कागदाकडे बघा. आमच्या वहिनी आजही मशीनवर बसतात. नवीन बायकांना त्याच शिकवतात. पण त्या दोन बैठकांना त्यांची जागा रिकामी होती, ते मी अजून विसरले नाही.

काळजी घ्या, पावत्या जपा.